कुंपणावरचा हवालदार

मुलुंड,
ता. ४ ऑक्टोबर १९५३

ति. स्व. दादास श्यामचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. दोन वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही, तूही लिहिली नाहीस, तेव्हा त्या बाबतीत आपण सख्खे भाऊ शोभतो. काही काम निघालं म्हणून लिहितोय असं समजू नकोस. सहज लिहितोय.

इकडे सर्व क्षेम. आईचे गुडघे आणि कंबर दोन्ही धरलेली आहेत, कुंदा बरी आहे, आणि मी घाटकोपरच्या त्याच कारखान्यात सिनेमाची प्रोजेक्टरं दुरुस्त करतो. गुहागरला तुझ्या पोफळी कशा आहेत? एकट्याच्या जेवणाचं काय करतोस? आई रोज विचारते आणि मला काय ठाऊक, असं मी रोज सांगतो.

त्या सत्यनारायणाला तू भरलं पान टाकून उठलास आणि बोटीची वेळ झाली म्हणून निघालास. त्या दिवशी बोट नव्हती हे मला मागाहून कळलं. मी चार पाहुण्यांत तुझं कौतुकच करत होतो. इटलीत जाऊन लढाई करून आलेला भाऊ काही घरोघरी नसतो. असो, उगाळत बसत नाही.

सांगण्यासारखं एक आहे. समोरच्या मृणालिनीबाई टिपणीस तुला आठवत असतील. शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढरं पातळ, आणि आवाज असा की आपल्या घरातसुद्धा माणूस पाठ ताठ करून बसतो. या बाई पहाटे साडेपाचला हातात आकडी आणि परडी घेऊन येतात आणि आपल्या कुंपणावरची तांबडी जास्वंद ओरबाडून नेतात. संकष्टीला तर झाडावर नुसता पाला उरतो. मी एकदा तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, "देवासाठी घेतलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, शामराव. तुमच्या व्याकरणासारखंच तुमचं धर्मज्ञानही कच्चं आहे." मी त्यांच्या शाळेत कधी नव्हतो, तरी मान खाली घातली.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. रोज पहाटे उठून त्या बाईशी भांडणं मला जमायचं नाही. तोंडासमोर आली की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून एक यंत्र करायला घेतलंय, जे माझ्या वतीने भांडेल. कसं ते पुढच्या पत्रात सांगतो. तुला यातलं कळतं, म्हणून लिहिलं.

तुझा
श्याम


मुलुंड,
ता. १९ ऑक्टोबर १९५३

ति. स्व. दादा, नमस्कार.

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. एवढं मला पुरे.

यंत्र झालं. फाटकाच्या एका खांबावर मोटारीचा दिवा बसवला. त्याचा झोत फाटकावरून, कुंपणाला धरून, कोपऱ्यातल्या खांबापर्यंत जातो. तिथे डालड्याच्या डब्यात एक फोटोसेल आहे, मोडीत निघालेल्या प्रोजेक्टरमधला. झोत अखंड आहे तोवर सगळं शांत. मध्ये कुणी आलं, झोत तुटला, की मोटर सुरू होते आणि पंपातून नीळ घातलेल्या पाण्याचा फवारा त्या जागी सणसणीत बसतो. मोटर कल्याणच्या लष्करी लिलावातली, पंप लढाईच्या वेळी आगी विझवायला वाटले होते त्यातला. म्हैस खाली बसेल इतका जोर आहे. गजराच्या घड्याळावर तो संध्याकाळी आपोआप चालू होतो आणि सकाळी सातला बंद. मी झोपलेला असलो तरी काम चालूच.

कॉलनीतल्या लोकांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं. तू पलटणीत हवालदार होतास म्हणून मीच ते सुचवलं, असं कुंदा म्हणते. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी फक्त एकदा म्हणालो होतो.

पहिल्याच पहाटे बाई सापडल्या. ओरडा ऐकून मी खिडकीत आलो तर त्या फाटकाबाहेर डोक्यापासून पायापर्यंत निळ्या. हातातली आकडीसुद्धा निळी. मला वाटलं, आता शिव्या देतील. पण त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "शामराव, तुमच्या मातोश्रींना सांगा, आज माझ्या गणपतीला फूल नाही." मला इतकं हसू आलं की मी पडद्यामागे गेलो. मला समोर उभं राहावं लागलं नाही, हाताने काही करावं लागलं नाही, आणि काम फत्ते. तो दिवस मी शीळ घालत काढला. आई मात्र त्या दिवशी जेवली नाही. पित्त झालं असावं.

थोड्या अडचणी आल्या, त्या सांगतो. दुसऱ्या दिवशी भैयाचं सगळं दूध निळं झालं. तिसऱ्या दिवशी गुरुजी सोवळ्यात कुणाकडे रुद्राला निघाले होते, ते आपल्या कुंपणाला निसटते लागले आणि त्यांना तसंच परत आंघोळीला जावं लागलं. आपल्या कॉलनीचे सेक्रेटरी प्रभातफेरीला निघाले तेव्हा नवा कोट होता. मग रीतसर सभा झाली. हवालदाराने कुणाला भिजवावं आणि कुणाला नाही, यावर दोन तास चर्चा झाली. भैया वगळावा, गुरुजी वगळावेत, गाय वगळावी, सेक्रेटरी वगळावेत, असे ठराव झाले. मी सांगितलं, अहो, त्याला ठराव वाचता येत नाहीत. त्याला फक्त झोत तुटला एवढंच कळतं.

शेवटी मीच तोड काढली. झोत कमरेच्या उंचीवर आहे. आपल्या माणसांनी खाली वाकून जायचं, झालं. आता भैया दोन्ही कॅन घेऊन वाकतो, गुरुजी वाकतात, सेक्रेटरी इकडेतिकडे बघून वाकतात. कुंदा म्हणते, आपल्या घरात आता सज्जन माणसाला फक्त चोरासारखं शिरता येतं. बायकांना यंत्रातलं सौंदर्य दिसत नाही.

तुझा
श्याम


मुलुंड,
ता. १ नोव्हेंबर १९५३

ति. स्व. दादा, नमस्कार.

आज जरा महत्त्वाचं आहे. नाडकर्णी म्हणून एक गृहस्थ आहेत. लष्कराच्या कोठारांना काटेरी तार आणि तंबू पुरवतात. सेक्रेटरींच्या कोटाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि ते मुद्दाम हवालदार बघायला आले. मी त्यांना तीनदा फवारा मारून दाखवला. ते खूश झाले. नळीला हात लावून म्हणाले, "ही काढायची आणि इथे दुसरी नळी बसवायची, की झालं."

कुंदा चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "दुसरी कसली?"

"तुमच्या कामाची नाही, वहिनी."

"माझ्या फाटकावर बसणार ना? मग कामाची कशी नाही?"

"फाटकावर नाही हो. सरहद्दीवर," नाडकर्णी म्हणाले, आणि हसले.

त्यांचं म्हणणं मला पटलं, ते तुला सांगतो. पहाऱ्यावरचा शिपाई डुलकी घेतो, विडी ओढतो, समोर बाई-माणूस दिसलं की त्याचा हात आखडतो. हवालदाराचं तसं काही नाही. त्याला सुट्टी नको, त्याची म्हातारी आजारी पडत नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा असा की उद्या काही कमीजास्त झालं तर चौकशी कुणाची करणार? शिपाई तिथे नव्हता, साहेब तिथे नव्हता, यंत्र करणारा झोपलेला होता. नाडकर्णी म्हणाले, "कुणाच्याच मनाला लागत नाही, बघा. माणुसकीच्या दृष्टीनेही हे बरं." हा मुद्दा मला फारच आवडला.

ते गेल्यावर कुंदा म्हणाली, "गुरुजी भिजले ते घरी जाऊन वाळले. त्या दुसऱ्या नळीने भिजलेला वाळतो का?" मी म्हटलं, ते तपशिलाचे प्रश्न आहेत.

आता मुद्द्यावर येतो. वरच्या साहेबांपुढे यंत्र ठेवताना लढाई पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र जोडलं तर वजन पडेल, असं नाडकर्ण्यांचं मत आहे. तू सुरुंग पथकात होतास. माणसाशिवाय पहारा करणाऱ्या वस्तूंची तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. दोन ओळी लिहून दे, खाली सही आणि हुद्दा. एवढ्यासाठीच मी पत्रव्यवहार सुरू केला असं कृपा करून मनात आणू नकोस. पहिलं पत्र सहजच होतं. दुसरंही बरंचसं.

आई आशीर्वाद सांगते. टिपणीसबाई आता फिरकत नाहीत, असं मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "हो का." झाडावर फुलं मात्र राहत नाहीत. याचा तपास करतोय.

तुझा
श्याम


मुलुंड,
ता. १४ नोव्हेंबर १९५३

ति. स्व. दादा, नमस्कार.

तुझं जाड पाकीट पोचलं. चार पानं! आईने पाकीट कपाळाला लावलं. मला दोन ओळींची आशा होती आणि तू चार पानं लिहिलीस, यावरून तुझा राग गेला असं मी धरून चालतो.

अक्षर प्रवासात जरा पुसट झालंय. टपालखात्याचा कारभार तुला माहीत आहेच. सगळंच लागलं असं म्हणत नाही, पण मुख्य ते लागलं. सुरुवातीला "चि. श्याम यास अनेक आशीर्वाद" आहे. शेवटी आहे, "एवढं लिहून झाल्यावर आज किती तरी दिवसांनी जेवण गोड लागलं." आणि तिसऱ्या पानावर घडीच्या आत एक ओळ स्वच्छ आहे: "सुरुंगाला कळत नाही कोण आलं ते. मला कळलं असतं."

याचा अर्थ मी असा घेतला की सुरुंगापेक्षा माझा हवालदार वरचढ आहे, कारण सुरुंग एकदाच फुटतो आणि हा पुन्हा पुन्हा चालतो. मी ती ओळ नाडकर्ण्यांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात शिफारस कुठे आहे?" मी म्हटलं, माझ्या भावाची बोलण्याची पद्धत तशी आहे. त्यांनी मान हलवली आणि स्वच्छ प्रत मागितली आहे. तेव्हा जमल्यास तेच पत्र पुन्हा एकदा लिहून पाठव. चारही पानं नकोत. यंत्रासंबंधी असेल तेवढंच.

टिपणीसबाईंचा शोध लागला. बाई पहाटे आमच्या लोकांना वाकताना बघत होत्या. पस्तीस वर्षं मुलांच्या खोड्या पकडण्यात गेलेली बाई, तिला काय लागतं? आता त्या पदर खोचून अशा खाली वाकून आत येतात की भैयाने शिकावं. गेले तीन आठवडे त्यांच्या अंगावर थेंब पडलेला नाही. भिजतात ते परके लोक, ज्यांना वाकायचं कुणी सांगितलेलं नसतं. कुंदा हसून लोळली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तुझा
श्याम


मुलुंड,
ता. २३ नोव्हेंबर १९५३

ति. स्व. दादा, नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. "ते एकदाच लिहिता येतं. पत्र कशाने पुसलं? आईची खबर कळव." एवढ्या तीनच ओळी. तू पलटणीत असल्यापासून तुला असंच विचारता येतं, समोरच्याला पळायला जागा ठेवायची नाही.

बरं, सांगतो. टपालखात्याचा दोष नाही. नाडकर्णी कोणाला तरी दाखवायला आणणार होते, म्हणून त्या दिवशी मी हवालदार दिवसाही चालू ठेवला होता. जुन्या पोस्टमनला वाकायची सवय आहे. तो रजेवर होता. नवा सरळ ताठ आला, हातात तुझं पाकीट. तो बिचारा निळा होऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "रजिस्टर नाही, सही नको." मी पानं दोरीवर वाळत घातली, मग इस्त्री फिरवली, मग दिव्यासमोर धरली. निळीखाली काही नाही. तू काय लिहिलं होतंस ते मला माहीत नाही, दादा. मला आवडलेल्या ओळीच्या आधी काय होतं आणि नंतर काय, काहीच माहीत नाही. मी ते तुझ्यापासून लपवलं. तुला शिफारस नाकारायला कारण मिळू नये म्हणून लपवलं.

कुंदाने ती निळी पानं नीट घडी करून देवघरात ठेवली आहेत. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "दादाभावजींनी दहा वर्षांत कुणाला चार पानं लिहिली होती का?"

आईची खबर बरी आहे. उजव्या हाताला जरा लागलंय, म्हणून ती स्वतः लिहीत नाही. पाय घसरला. वयोमानाने होतं.

तुझा
श्याम


मुलुंड,
ता. ४ डिसेंबर १९५३

ति. स्व. दादा,

तुझं दुसरं कार्ड आलं. "पाय कुठे घसरला?" आता मी खोटं लिहीत नाही.

फाटकात घसरला. एकोणीस तारखेला, पहाटे. हवालदाराने तिला भिजवलं. छातीवर फवारा बसला, ती मागे पडली आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलंय, सहा आठवड्यांचं. ती वाकू शकत नाही, दादा. अख्ख्या मुलुंडला मी वाकायला शिकवलं आणि जिची कंबर धरलेली आहे तिचा विचार मला शिवला नाही, कारण आई पहाटे बाहेर कशाला जाईल, असं मी धरून चाललो होतो.

ती रोज जाते. रस्त्यापलीकडे टिपणीसबाईंच्या अंगणात प्राजक्त आहे. आई पहाटे जाऊन तिथली फुलं वेचून आणते, न विचारता, अकरा वर्षं. आपल्या देवावर प्राजक्त येतो कुठून, हे मी कधी विचारलं नव्हतं. तू विचारलं होतंस? हवालदार आल्यावर ती मागच्या दाराने गटारावरून जात होती. त्या दिवशी परतताना मागच्या दाराची कडी अडकली, म्हणून पुढून आली.

मी ओरड्याने उठलो आणि धावलो तर टिपणीसबाई आधीच पोचलेल्या. आईचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसल्या होत्या. सगळीकडे निळं पाणी, त्यात प्राजक्त. आणि यंत्र थांबेना. मी पुढे गेलो की झोत तुटायचा, की पुन्हा फवारा. माझ्या आईला उचलायला मला माझ्याच दारात गुडघ्यावर रांगत जावं लागलं.

डॉक्टर येऊन गेल्यावर मी आईला म्हटलं, "तू जातेस हे सांगितलं का नाहीस?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

"आणि त्या बाई आपली जास्वंद नेतात ते?"

"मला दिसतं की. मी खिडकी लावून घेते. मी त्यांच्या दारी जाते तेव्हा त्या पाठ फिरवून तुळशीला पाणी घालत बसतात. एकदा तर कोरड्याच तांब्याने घालत होत्या." आई हसली. मग म्हणाली, "श्याम, तुझ्या त्या हवालदाराला सगळं येतं रे. काणाडोळा तेवढा येत नाही."

ती मला एक शब्द रागावून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी नाडकर्णी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फार वाईट झालं. पण यंत्र तर बरोबर चाललं ना? झोत तुटला, पाणी आलं." आणि ते खरं होतं. काहीच बिघडलं नव्हतं. मी झोपलो होतो, यंत्राची चूक नव्हती, आई स्वतःच्या दारातून आत येत होती, आणि तिचं मनगट मोडलं होतं. चौकशी कुणाची करायची? मला हाच मुद्दा फार आवडला होता, नाही का. दादा, माझ्या हातात नळी असती आणि मी कितीही चिडलेला असतो, तरी मी तिला ओळखलं असतं. तू हेच लिहिलं होतंस. स्वच्छ उरलेली ओळ, आणि मी ती जाहिरातीसारखी वाचली.

सत्यनारायणाच्या दिवशी मी कौतुक करत होतो असं तुला पहिल्या पत्रात लिहिलं. पाहुण्यांसमोर मी काय विचारलं ते मला चांगलं आठवतं. "दादा, तू पेरलेल्या सुरुंगांवर किती माणसं उडाली असतील, अंदाजे?" आणि तू वरणभाताकडे बघत म्हणालास, "मी तिथे नव्हतो." सगळे हसले. मीही हसलो. तुझ्या उत्तरात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला कळायला आईचा हात मोडावा लागला. मला क्षमा कर म्हणणं फार स्वस्त वाटतं, पण दुसरा शब्द माझ्यापाशी नाही.

यंत्र मी त्याच संध्याकाळी उतरवलं. टिपणीसबाई दोन्ही वेळा येतात, आईची वेणी घालतात, दोघींच्या देवांना फुलं आणतात आणि माझं शुद्धलेखन तपासतात. हे पत्रही त्यांनी मागितलं होतं, मी दिलं नाही. आई कुरकुरते की आता फुलं मागून घ्यावी लागतात, त्यात काही गंमत नाही.

तुझा
श्याम


मुलुंड,
ता. ११ डिसेंबर १९५३

दादा,

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. राहिली नाही, मी ठेवली.

आईच्या पडण्याच्या आदल्या दिवशी मी हवालदाराचा आराखडा नाडकर्ण्यांना दिला. मापांसकट, नीट शाईने काढून. दुसरी नळी कुठे बसेल तेही त्यांनी विचारलं म्हणून काढून दिलं. खाली वळणदार सही केली.

तेव्हापासून मी त्यांच्या कचेरीत चारदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला. दुसऱ्यांदा सांगितलं की कागद वर गेला. तिसऱ्यांदा म्हणाले, त्याच्या प्रती निघाल्या, किती ते त्यांना सांगता येत नाही. काल म्हणाले, "शामराव, एवढं काय मनाला लावून घेता? अहो, तुम्ही तिथे असणार आहात का?" मी लष्कराच्या कचेरीत साहेबांच्या नावाने पत्र लिहून नेलं की या यंत्राने माझ्या आईला पाडलं, ते वापरू नका. तिथला कारकून म्हणाला, पत्रावर जावक क्रमांक नाही, घेता येणार नाही. मी ते टेबलावर ठेवून आलो. उद्या क्रमांक घालून पुन्हा जाणार आहे.

यंत्र मोडलं म्हणून मी सुटलो असं मला दोन दिवस वाटत होतं. आता पहाटे साडेपाचला जाग येते. कुठलं तरी कुंपण डोळ्यांसमोर येतं, मी कधी न पाहिलेलं, आणि कुणीतरी सरळ ताठ चालत येत असतं, कारण त्याला वाकायचं कुणी सांगितलेलं नाही.

लढाई संपली तरी तू आठ महिने इटलीत मागे राहिलास. सगळी पलटण घरी आली, आई रोज फाटकाकडे बघायची, आणि मी लोकांना सांगायचो की दादाला तिकडची हवा मानवली. तू तिथे पोटावर पडून एकेक सुरुंग हाताने उकरत होतास. तू ती चार पानं पुन्हा लिहू नकोस. मी विचारणारही नाही. पण तुझ्याकडे निदान कुठे काय पुरलंय त्याचा नकाशा होता. माझ्याकडे तो नाही, आणि कुठून सुरुवात करायची ते मला कळत नाही.

तू ये. बोटीची चौकशी मी केली आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी खरोखरच आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला वाटेल तू तिचा हात बघायला आलास.

श्याम